माझं सोडियम आणि माझं मन

मला रडू येत नव्हतं, फारसं उदासही वाटत नव्हतं. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण डिप्रेशन म्हटलं की खिडकीशी बसून टिपं गाळणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, निदान माझ्या तरी यायचा. मला जे होत होतं ते सगळं शरीराचं होतं. पहाटे तीनला टक्क जाग यायची, मग झोप काही केल्या परत लागायची नाही. पोट साफ व्हायचं नाही. जेवणाची चव गेली होती आणि पट्टा नसला तर पँट कमरेवर थांबत नव्हती. हालचाल मंदावली होती. बूट घालायला पायरीवर बसलो की बसूनच राहायचो, आणि ही दारातून विचारायची, “अहो, गेला नाहीत अजून?” सकाळ सगळ्यात वाईट. संध्याकाळी पाच-सहाच्या पुढे जरा माणसांत यायचो. वय ७१. घरचे म्हणाले, वयानं होतं असं. मीही तेच म्हणत होतो.

मिरजेत तीसेक वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होतो. मिरज हे दवाखान्यांचं गाव. कोकणातून, बेळगाव-विजापूरकडून पेशंट यायचे. त्यांचं रक्त काढायचं, सिरम वेगळं करायचं, आकडा काढायचा, डॉक्टरांची सही घ्यायची, यात आयुष्य गेलं. त्यामुळे अंगात काही बिघडलंय म्हटल्यावर मी कुणाकडे मन मोकळं करायला गेलो नाही, सरळ लॅबमध्ये जाऊन हात पुढे केला. हिमोग्लोबिन ठीक, क्रिएटिनिन ठीक, थायरॉइड ठीक. बी-१२ तेवढं १९० च्या आसपास, म्हणजे कमी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतोय, त्यानं बी-१२ उतरतं हे मला ठाऊक होतं. इंजेक्शनं घेतली. हातापायांच्या मुंग्या गेल्या. बाकी सगळं होतं तिथंच.

नेहमीच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. झोप लागली, पण सकाळी डोकं जड आणि बाथरूममध्ये तोल जायला लागला. म्हाताऱ्या माणसाला ही गोळी देणं म्हणजे खुब्याच्या हाडाशी जुगार आहे. आपल्याकडे ती फार सहज दिली जाते, आणि तीही महिनोन्‌महिने.

खरी गोष्ट हिच्या लक्षात आली ती दर्ग्यातल्या मैफलीमुळे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले; त्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेब दर्ग्यात दर वर्षी गाणं होतं. पोरगा होतो तेव्हापासून मी तिथं जातोय, आणि पहाटेपर्यंत बसायचा माझा शिरस्ता. त्या वर्षी गेलो, बसलो. गवय्या चांगला होता. सूर लागलेला मला कळत होता, समेवर मान हलवायची जागाही कळत होती. पण आत काही म्हणजे काही होत नव्हतं. तासाभरात उठून घरी आलो. हिनं दार उघडलं, माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि पुण्याला मुलाला फोन लावला.

मुलगा आला आणि मला सांगलीला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेला. मी रिपोर्टांची फाइल बगलेत मारून गेलो होतो. डॉक्टरांनी ती बाजूला ठेवली आणि बोलायला लावलं. वेळ बराच दिला. मग हिला एकटीला आत बोलावलं, मग पुन्हा मला. आणि सरळ विचारलं, “काका, जगणं नको वाटतं का?”

इतकं स्पष्ट मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, की जीव द्यावा असं मनात येत नाही, पण रात्री झोपलो आणि सकाळी उठलोच नाही तर बरं, असं मात्र रोज वाटतं. त्यांनी लिहून घेतलं. घाबरले नाहीत, उपदेशही केला नाही. हे वाढलं तर कुणाला सांगायचं, घरात गोळ्या कुणाच्या ताब्यात ठेवायच्या, हे हिच्याशी बोलले आणि टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिला. चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. त्या एका प्रश्नानं मला जेवढं हलकं वाटलं, तेवढं पुढे कित्येक आठवडे कुठल्याच गोळीनं वाटलं नाही.

नंतर त्यांच्याकडच्या मुलीनं १५ प्रश्नांचा कागद घेतला. सगळी उत्तरं हो किंवा नाही. नवं काही करायला बाहेर पडण्यापेक्षा घरी बसावंसं वाटतं का, आयुष्य रिकामं वाटतं का, या धर्तीचे. झोप, भूक यांचं त्यात नावच नाही. मी विचारलं, मला तर तेच होतंय, आणि तुम्ही विचारत का नाही? ती म्हणाली, “काका, सत्तरीत झोप आणि भूक कुणाची बिघडलेली नसते? म्हणून म्हाताऱ्या माणसांसाठी प्रश्नावली वेगळी केलीय.” माझे गुण ११ आले. पाचाच्या वर गेलं की नीट तपासायचं, असा तिचा हिशेब.

मग घड्याळ काढायला लावलं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणाली. एकाच अक्षरानं सुरू होणारे शब्द एका मिनिटात जितके सुचतील तितके सांगायचे. कागदावर विखुरलेले आकडे आणि अक्षरं आलटून पालटून जोडायची. यात माझी फजिती झाली. आठवत होतं सगळं, पण एकावरून दुसऱ्यावर उडी मारताच येत नव्हती. मुलानं गाडीत दबक्या आवाजात डिमेन्शियाचं विचारलं होतं, ते मी ऐकलं होतं. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगणार नाही. उपचारानंतर हीच परीक्षा परत घेऊ. एवढं मात्र म्हणाले की स्मरणशक्तीबद्दल स्वतः कुरकुर करत येणारा माणूस बहुतेक डिप्रेशनचा असतो. डिमेन्शियाचा माणूस बऱ्याचदा ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो आणि तक्रार घरचे घेऊन येतात.

मी शेवटी माझा प्रश्न विचारला. “डॉक्टर, हे डिप्रेशन आहे याची टेस्ट कोणती?”

ते हसले. “लॅबवाले तुम्ही. तशी टेस्ट नाही. थायरॉइड, बी-१२, सोडियम, साखर हे सगळं दुसरं काही नाही ना, एवढ्यासाठी.”

मला पटेना. मग त्यांनी एक जुनी हकिगत सांगितली, आणि ती माझ्याच खात्यातली निघाली. डेक्सामेथासोन सप्रेशन टेस्ट. आम्ही ती कुशिंगच्या आजारासाठी, म्हणजे कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन अंगात फार वाढतं त्यासाठी, करायचो. रात्री अकराला १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड द्यायचं, दुसऱ्या दिवशी रक्तातलं कॉर्टिसॉल मोजायचं. निरोगी माणसात ते दबतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला वाटतं, आहे तेवढं पुरे, आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथीला जाणारा हुकूम थांबतो. गंभीर डिप्रेशनच्या बऱ्याच पेशंटांमध्ये मात्र ते दबत नाही; ताणाची ही यंत्रणा चालू झालेली बंदच होत नाही. १९८१ मध्ये बर्नार्ड कॅरोल यांनी हीच टेस्ट डिप्रेशनच्या निदानासाठी पुढे आणली. मानसोपचाराला अखेर आपली रक्ततपासणी मिळाली, असं तेव्हा खूप जणांना वाटलं. पण मग दिसायला लागलं की डिमेन्शियातही ती पॉझिटिव्ह येते, वजन झपाट्यानं उतरलं तरी येते, दारू पिणाऱ्यातही येते. आणि डिप्रेशन असूनही कित्येकांची निगेटिव्ह येते. काही वर्षांत ती मागे पडली.

हे ऐकून माझ्यातला टेक्निशियन जरा शांत झाला. जी टेस्ट धड हो म्हणत नाही की धड नाही म्हणत नाही, तिच्यावर मीही सही घेतली नसती. पण याचा अर्थ शरीरात काही घडत नाही असा नव्हे. कॉर्टिसॉल दीर्घकाळ चढं राहिलं तर मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला त्रास होतो, कारण त्या भागात कॉर्टिसॉलला धरणारे रिसेप्टर भरपूर आहेत, आणि आठवणी मुरवण्याचं कामही तिथलंच. डिप्रेशनच्या पेशंटांचा हिप्पोकॅम्पस सरासरीनं थोडा लहान आढळतो. काहींमध्ये सीआरपी, इंटरल्यूकिन-६ असे दाह दाखवणारे आकडे चढे असतात. पण सगळी भाषा सरासरीची. शंभर जणांच्या गटात जो फरक स्पष्ट दिसतो, तो माझ्या एकट्याच्या नळीत दिसेलच असं नाही.

आयुष्यात पहिल्यांदा, तेही सत्तरीनंतर आलं म्हणून त्यांनी एमआरआय सांगितला. तो स्क्रीनवर लावून माझ्या मेंदूच्या खोल भागातले पांढरे ठिपके दाखवले. काही सुटे, काही एकमेकांत मिसळायला लागलेले. फझेकास ग्रेड २. ही मोजणी १९८७ पासून वापरात आहे, ० ते ३ पर्यंत जाते. पन्नास-साठीनंतर एखाद-दोन ठिपके पुष्कळांना असतात. माझ्यात वयाच्या मानानं जास्त होते.

“बीपी किती वर्षांपासून?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पंचवीसेक वर्षं झाली असतील. पहिली दहा वर्षं गोळी कधी घेतली, कधी नाही.

त्यांनी पाण्याच्या लाइनीचं उदाहरण दिलं. गावाच्या टोकाला जे शेवटचं घर असतं, तिथं प्रेशर आधी कमी होतं. मेंदूच्या खोल पांढऱ्या भागाला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या अशाच लांबच्या टोकाला असतात. बीपी आणि मधुमेहानं त्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते आणि त्या भागातल्या तंतूंना रक्त पुरेनासं होतं. आता त्या पांढऱ्या भागात असतात ते मेंदूचे एक भाग दुसऱ्याला जोडणारे तंतू. कपाळामागचा भाग, खोल असलेला स्ट्रायटम आणि थॅलॅमस यांच्यात सतत निरोप फिरत असतात. काम सुरू कर, हे सोड, ते धर, यात मजा आहे, पुन्हा कर. ती तार झिजली की पायरीवर बसलेल्या माणसाला बूट घालायला काय हवं ते कळतं, पण हात निघत नाही. घड्याळाच्या परीक्षेत माझी उडी का बसत नव्हती आणि मैफलीत आत काही का होत नव्हतं, या दोन्हींचा पत्ता बहुधा एकच होता.

याला व्हॅस्क्युलर डिप्रेशन म्हणतात. जॉर्ज अलेक्सोपुलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ही मांडणी केली. ती अजून मांडणीच आहे, असं डॉक्टरांनी बजावलं. पांढरे ठिपके असूनही आनंदात जगणारी म्हातारी माणसं आहेत, आणि एमआरआय स्वच्छ असूनही खचलेली आहेत. निवृत्ती, बरोबरीच्यांचं जाणं, मुलं लांब असणं, हे सगळं आहेच. पण ‘वय झालं की मन खचतंच’ हे म्हणणं मला त्या दिवसापासून खपत नाही. वय झालं की बीपी वाढतं म्हणून आपण गोळी न घेता बसतो का? (मी बसलो होतो म्हणा.) २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीच्या पुढच्या भारतीयांची लासी नावाची मोठी राष्ट्रीय पाहणी झाली. लक्षणं विचारून पाहिलं तर साठीच्या पुढच्या ८.३ टक्के लोकांना डिप्रेशन असावं असं निघालं. आणि ‘डॉक्टरांनी कधी निदान केलंय का’ याला हो म्हणणारे होते ०.८ टक्के. दहातले नऊ जण माझ्यासारखे पायरीवर बसलेत आणि घरचे म्हणतायत, वयानं होतं.

ईसीजी काढून एस्सिटॅलोप्राम हे डिप्रेशनचं औषध सुरू झालं, ५ मिलिग्रॅम, तरुणाला देतात त्याच्या निम्मं. दोन आठवड्यांनी सोडियम बघायचं, हे कागदावर खाली रेघ मारून लिहिलं होतं. तेवढा वेळ गेलाच नाही. आठवडा उलटतो न उलटतो तोच मी दिवसा पेंगायला लागलो. डोकं दुखायचं, मळमळायचं, चालताना पाय कुठं पडतोय ते कळेना. हिला वाटलं आजार वाढला. मुलगा फोनवर म्हणाला, बंद करा ती गोळी. मी लॅबमध्ये फोन केला आणि म्हटलं, पोराला पाठव, सोडियम करायचंय.

१२२ आलं. नॉर्मल १३५ ते १४५.

मी ज्या काळात कामाला लागलो तेव्हा सोडियम फ्लेम फोटोमीटरवर व्हायचं. सिरम पातळ करून ज्योतीत सोडायचं, ज्योत पिवळीजर्द व्हायची, त्या पिवळ्या उजेडावरून आकडा. पोटॅशियम जांभळट जळतं. मशीन सारखं बिघडायचं, गॅस कमी-जास्त झाला की आकडे नाचायचे, त्यामुळे १२० च्या घरातलं सोडियम आलं की आधी रिपीट करायचं आणि मग थेट वॉर्डात पळायचं, ही आमची शिस्त. या वेळी पळायचं होतं ते माझ्यासाठी. त्याच दुपारी अ‍ॅडमिट झालो.

घडलं होतं ते असं. एस्सिटॅलोप्रामच्या जातीच्या गोळ्यांनी काही जणांत एडीएच हे हार्मोन जास्त सुटतं. ते मूत्रपिंडाला सांगतं, पाणी सोडू नकोस. पाणी अंगात साठतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. म्हातारपणी हे जास्त होतं, अंगानं बारीक असला तर आणखी, आणि सोबत थायझाइड जातीची लघवीची गोळी असेल तर फारच. माझ्या बीपीच्या गोळीच्या नावापुढे जे ‘एच’ होतं, ते हायड्रोक्लोरोथायझाइड. डॉक्टरांना ते माहीत होतं, म्हणूनच रेघ मारली होती. उतार मात्र त्यांच्या अंदाजापेक्षा लवकर आला.

हिनं ऐकलं सोडियम कमी, आणि दुसऱ्या दिवशी डब्यातली आमटी इतकी खारट की तोंडात धरवेना. तिला समजावून सांगितलं, मीठ कमी पडलेलं नाही, पाणी जास्त झालंय. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला लावलं, दोन्ही गोळ्या थांबवल्या आणि सोडियम हळूहळू वर आणलं. घाई का नाही केली, हे मला सांगावं लागलं नाही. २४ तासांत ८-१० अंकांहून जास्त चढवलं तर मेंदूतल्या तंतूंच्या आवरणालाच इजा होऊ शकते. आधीच झिजलेल्या तारांना आणखी ते नको होतं.

बीपीची गोळी बदलली. डिप्रेशनसाठी मिर्टाझापिन रात्री अर्धी, म्हणजे ७.५, मग १५. या गोळीनं सोडियम उतरण्याचा धोका कमी, आणि तिचा झोप-भूक वाढवण्याचा जो दोष तरुण पेशंटांना नको असतो तोच मला हवा होता. मुलानं विचारलं, याही गोळीनं नाही झालं तर शॉक देणार का? डॉक्टर म्हणाले, गरज पडली तर लाजायचं कारण नाही. म्हातारपणीच्या गंभीर डिप्रेशनमध्ये तो उत्तम लागू पडतो, आणि भूल व स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय द्यायला २०१७ च्या कायद्यानं बंदीच आहे. माझ्यावर ती वेळ आली नाही.

झोप आठवड्याच्या आत परतली. मग भूक. मन मात्र ढिम्म. मी वैतागून विचारलं, सेरोटोनिन कमी पडलं होतं ते एव्हाना भरून यायला नको का? ते म्हणाले, सेरोटोनिन कमी पडतं म्हणून डिप्रेशन, हे गणित इतकं सरळ कधीच सिद्ध झालेलं नाही. गोळी मेंदूतल्या रसायनांत फरक काही तासांत करते, माणूस बदलायला आठवडे लागतात. मधल्या काळात पेशी आपल्या जोडण्या नव्यानं बांधतात असा कयास आहे. आणि वय झालेल्या, पांढरे ठिपके असलेल्या मेंदूत ते बांधकाम संथ चालतं. बारा आठवडे धीर धरा.

त्या काळात ती प्रश्नावलीवाली मुलगी मला वही भरायला लावायची. मन होईल तेव्हा नाही, घड्याळात वाजेल तेव्हा. साडेसहाला दुधाची पिशवी. सातला कोपऱ्यापर्यंत चालणं. चारला कुणाकडे तरी जायचं. सुरुवातीला हे मला पोरखेळ वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरेच दिवस वाटत राहिलं. चारच्या खान्यात मी सतारमेकर गल्लीतल्या एका जुन्या स्नेह्याचं दुकान लिहिलं होतं, कारण तिथं नुसतं बसलं तरी कुणी बोल म्हणत नाही. तो तंबोऱ्याची जवारी काढत असायचा. घोडीवर कानस फिरवायची, तारेखाली दोरा सरकवायचा, तार छेडायची, परत कानस. मी भोपळ्यांच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसून राहायचो.

एका दुपारी मी मध्येच बोललो, “अरे दोरा जरा मागं घे, खर्ज बोंबलतोय.” तो चिडला. जवारी काय लॅबमध्ये शिकलास का, म्हणाला. मी वाद घातला. घरी येऊन हिला सगळं साग्रसंगीत सांगितलं, आणि ती ऐकता ऐकता हसायलाच लागली. मी भांडून आलोय याचा एवढा आनंद तिला लग्न झाल्यापासून कधी झाला नसेल.

पुढे घड्याळ, शब्द, आकडे-अक्षरं हे सगळं परत घेतलं. घड्याळ बरोबर आलं. शब्द बरेच सुचले. आकडे-अक्षरं अजूनही रखडत जोडतो. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. म्हणाले, उशिरा आलेल्या डिप्रेशननंतर पुढे विसराळूपणाचा धोका थोडा जास्त असतो, तेव्हा वर्षातून एकदा हे बघत राहू. गोळी बरं वाटल्यावरही किमान वर्षभर. ठिपके पुसले जाणार नाहीत. ते वाढू नयेत म्हणून बीपी आणि साखर.

मुलानं शेवटी त्याच्या मनातलं विचारलं, हे आनुवंशिक आहे का? डॉक्टर म्हणाले, तरुणपणी सुरू होणाऱ्या डिप्रेशनमध्ये घराण्याचा धागा जास्त दिसतो, साठीनंतर पहिल्यांदा आलेल्यात कमी. मुलगा सुटल्यासारखा खुर्चीत मागे टेकला. “पण बीपीचं काय?” डॉक्टरांनी विचारलं आणि तिथंच त्याच्या दंडाला पट्टा बांधला. वय ४३, बीपी १५६/९८. म्हणाला, ऑफिसचं टेन्शन आहे, सुट्टीत उतरेल. मी तिथल्या तिथं माझ्या एमआरआयची फिल्म काढून त्याच्या मांडीवर ठेवली. आता त्याची गोळी सुरू आहे, आणि रोज रात्री लोणच्याच्या बरणीवरून त्याचं आणि सुनेचं वाजतं असं ऐकतो.